चादरीवरचे फूल

सकाळी उठल्यावर आपण अंथरुणाची घडी घालतो. उद्या घडी घालण्याआधी चादर नीट पाहा. फुलाशेजारी फूल, सगळी सारखी. ही फुले कापडावर येतात कशी?

आम्ही एकदा सोलापूरला गेलो होतो. सोलापूरची चादर सगळीकडे प्रसिद्ध आहे. तिथे एका कारखान्यात नक्षी काढणारा कारागीर भेटला. आम्हांला चित्रे काढायची हौस. आम्ही त्याला एक फूल काढून दिले. तो हसून म्हणाला, "गुरुजी, फूल झकास आहे. पण मागावर चालायचं नाही."

का बरे चालायचे नाही? त्याने तीन गोष्टी समजावून सांगितल्या.

पहिली गोष्ट मोजणीची. कापडात उभे धागे असतात आणि आडवे धागे असतात. नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात, म्हणजे धागे मोजता येतात. समजा, चादरीत २४०० उभे धागे आहेत. एका फुलाला २४० धागे दिले, तर १० फुले बरोबर बसतात. २५० दिले, तर ९ फुले बसतात आणि १५० धागे उरतात. दहावे फूल अर्धवट तुटते.

दुसरी गोष्ट बांधणीची. आमच्या फुलाची पाकळी फार रुंद होती. आडवा धागा तेवढ्या रुंदीत कुठेच गुंतला नाही, तर तो सैल राहतो. पायातल्या जोडव्यात अडकतो आणि ओढला जातो. म्हणून पाकळीतही धागा मधूनमधून बांधून घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट खर्चाची. नक्षीच्या मागावर जॅकार्ड नावाचे यंत्र असते. जॅकार्ड हा फ्रान्सचा कारागीर. त्याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र तयार केले. त्यात पुठ्ठ्याचे पत्ते असतात. पत्त्याला भोक असेल, तिथे उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल, तिथे तो खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पत्ता लागतो. फूल जितके लांब, तितके पत्ते जास्त, तितका खर्च जास्त.

"आणि एक भोक चुकलं, की प्रत्येक फुलात तीच चूक," तो म्हणाला. "कागदावरची रेघ रबरानं पुसता येते. कापडावरची नाही."

चुकीचा माल कमी भावात जातो. मालकाचे सूत वाया जाते. विणकराला नगावर मजुरी असेल, तर त्याच्या चुलीलाही झळ लागते. म्हणून आधी छोटा तुकडा विणून पाहतात. तो पसंत पडला, की मगच मोठे काम सुरू करतात.

आता पुष्कळ ठिकाणी नक्षी संगणकावर काढतात. काही मागांवर पत्तेही राहिले नाहीत. पण धाग्यांची मोजणी काही सुटली नाही.

आम्ही पस्तीस वर्षे मुलांना चौकटीच्या वहीत बेरजा शिकवल्या. त्याच चौकटीत माणसाची भाकरी असते, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

उत्तरे द्या :
१. आमचे फूल मागावर का चालले नाही?
२. चादरीत १८०० उभे धागे आहेत. एका फुलाला २०० धागे लागतात. किती फुले बसतील?
३. घरातली एक चादर घ्या. तिच्यावरची एका ओळीतली फुले मोजा. शेवटचे फूल पुरे आहे का?