पाळणाघरासाठी जागा घेताना

पवई-चांदिवली भागात शिवणकाम, जरीकाम आणि घरकाम करणाऱ्या पुष्कळ भगिनी सकाळीच घराबाहेर पडतात. बड्या कार्यालयांत काम करणाऱ्या आयांनाही तान्ह्या मुलाची तीच काळजी असते. गरिबाघरी मूल सांभाळायला मोठी बहीण मागे राहते आणि तिची शाळा सुटते. म्हणून पाळणाघर ही या भागाची गरज आहे. सचोटीने चालवल्यास तो इज्जतीचा व्यवसायही आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी या कामासाठी पहिल्या मजल्यावरचा एक गाळा पाहिला. रंग नवा, भाडे बेताचे. घाईने बयाणा दिला. मागाहून कळले की मंजूर नकाशात तो गाळा गोदाम आहे आणि उतरायला जिना एकच. बयाणा बुडाला. कपड्याचा तागा उलगडून, उजेडात धरून पाहिल्याखेरीज आम्ही माल घेत नाही. इमारत मात्र दारातूनच पसंत केली. हा तजुर्बा बांधवांच्या उपयोगी पडावा म्हणून पाहणीचा क्रम येथे देत आहोत.

पहिली गोष्ट कागदांची. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि त्यात जागेचा वापर कोणता लिहिला आहे ते वाचावे. वापर बदलायचा असेल तर महापालिकेची परवानगी आधी, रंगरंगोटी नंतर. पवईचा बहुतेक भाग एस विभागात आणि चांदिवली एल विभागात येते. आपले कार्यालय कोणते ते ठरवून मगच खेपा घालाव्यात. सोसायटी असल्यास तिची संमती लेखी घ्यावी.

दुसरी गोष्ट इमारतीच्या प्रकृतीची. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी कायद्याने सक्तीची आहे. तो अहवाल पाहावा. पवईत डोंगरउतार पुष्कळ. जुलै २०२१ च्या पावसात चेंबूर आणि विक्रोळीत घरे गाडली गेली, हे विसरू नये. मागे उतार किंवा जुनी संरक्षक भिंत असेल तर ती जागा सोडून द्यावी.

तिसरी गोष्ट आगीची. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुले जळून मेली. आग स्वयंपाकघरातून निघाली, छप्पर गवताचे होते आणि जिना अरुंद. तान्हे मूल स्वतः पळू शकत नाही, म्हणून तळमजलाच घ्यावा. बाहेर पडायला दोन वाटा असाव्यात आणि चूल मुलांच्या खोलीपासून वेगळी असावी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आगीची साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. मालकाकडे ते आहे का, हे विचारावे.

चौथी गोष्ट गजाची. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दर मुलामागे किमान १० ते १२ चौरस फूट जागा सांगितली आहे. मालक ६०० फुटांना १० ने भागून ‘६० मुले मावतील’ म्हणतो. त्याचे ऐकू नये. स्वयंपाक, संडास, कपाटे आणि वाट यांचे २०० फूट वजा करावे. उरले ४००, १२ ने भागता ३३ मुले. तीही किमान मापाने. आम्ही म्हणतो, हिशेब २५ मुलांचा धरावा आणि तेवढ्या उत्पन्नात भाडे परवडत असेल तरच पुढे जावे.

पाचवी गोष्ट माणसांची. त्याच सूचनांनुसार ३ वर्षांखालील १० मुलांमागे एक सांभाळणारी, त्यावरील २० मुलांमागे एक, शिवाय मदतनीस. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली होती. बालसंरक्षणाच्या २०२० च्या नियमांनुसार पाळणाघरातील प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी करावी लागते. जागा घेण्यापूर्वीच हा पगार हिशेबात धरावा. मुलांना शिजवून खाऊ घालणार असाल तर अन्न नोंदणीही लागेल.

भांडवल कोठून आणावे? ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, ही तरतूद २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात आली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ठेवली आहे. अनेक आस्थापनांनी मिळून सामाईक पाळणाघर ठेवण्याची मुभाही संहिता देते. लहान कारखानदारांवर सक्ती नसली तरी एका गल्लीतील दहा जणांनी वाटा उचलला तर खर्च कोणालाच जड जाणार नाही.

शेवटी आमच्या नुकसानीतून शिकलेली एक गोष्ट. बयाण्याच्या कागदावर ‘परवानगी न मिळाल्यास रक्कम परत’ असे लिहून घ्यावे. मालक नकार देत असेल तर त्याला इमारतीचा दोष आपल्याआधी ठाऊक असण्याचा संभव आहे, असे समजावे. आमचे पैसे गेले, ते पुन्हा मिळवता येतील. आईने विश्वासाने हवाली केलेले मूल ही अमानत आहे, तिची भरपाई कोणत्याही धंद्यात होत नाही.