केळीवाहू व्हॅनचे पाटे : उंची, ताठरपणा आणि फळावरील डाग

कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधले गाव. परिसरात भाताच्या जोडीला केळी व विड्याची पाने होतात आणि शेतातून पक्क्या सडकेपर्यंतची वाट पुष्कळदा कालव्याच्या बांधावरून जाते. भरलेली व्हॅन मोरीच्या उंचवट्यावर पोट घासू लागली, की मागच्या कमानीत एक पाटा वाढवून घ्यावासा वाटतो. तापीकाठच्या केळी उत्पादकांनाही हा उपाय परिचित आहे. गाडी उचलली जाते हे खरे. परंतु त्याचा मार फळाला बसतो.

उंची आणि ताठरपणा या निराळ्या बाबी आहेत. पाच पाट्यांच्या कमानीत त्याच लांबी-जाडीचा सहावा पाटा घातल्यास ताठरपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. पूर्ण भाराखाली १० सेंमी बसणारी कमान मग ८.३ सेंमी बसते. म्हणजे लाभ जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरचा. जाडीचा परिणाम याहून तीव्र असतो, कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. सर्व पाटे ६ मिमीऐवजी ७ मिमीचे घेतले, तर तो जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढतो.

कमान जितकी कमी बसते तितकी गाडी भरभर उसळते. १० सेंमी बसलेली कमान सेकंदाला सुमारे १.६ वेळा, तर ३ सेंमी बसलेली सुमारे २.९ वेळा वरखाली होते. त्यामुळे ताठर कमानीच्या गाडीतून थोडेच घड नेले, तर ते अधिकच आदळतात. साल फुटलेल्या जागेतून ॲन्थ्रॅक्नोजची बुरशी शिरते, फळ पिकताना तेथेच चिलटे जमतात आणि दोष बागेच्या माथी येतो. फुलकिड्यांचे व्रण घड कापतानाच दिसतात. वाहतुकीचा मार मागाहून काळा पडतो. हा फरक न पाहता केलेली पुढची फवारणी वायाच जाते.

पाटा वाढवण्यापूर्वी सपाट जागी, गाडी रिकामी व भरलेली असताना, ॲक्सल ते चासी हे अंतर मोजावे. पुष्कळदा दोष गंजून एकमेकांना धरलेल्या पाट्यांत, झिजलेल्या बुशांत किंवा गळक्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये निघतो. पाटे सुटे करून घासणे व ग्रॅफाइट ग्रीस लावणे हे काम स्वस्त आहे. दबलेली कमान पुन्हा वाकवून घेता येते. मात्र भट्टीत लाल केल्यास पोलादाचे पाणी उतरते व योग्य रीतीने पुन्हा पाणी न दिल्यास पाटा लवकर बसतो. केवळ जास्तीच्या भारालाच टेकणारा मदतनीस पाटा हा त्यातल्या त्यात बरा मार्ग होय.

ॲक्सल व कमान यांमध्ये ठोकळा घातल्यास ताठरपणा न वाढता उंची मिळते, पण गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि बांधावरच्या वळणावर ती अधिक कलते. शिवाय काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारी झडप असते. मागचा भाग उचलला, की ती गाडी रिकामी समजून दाब कमी करते. झडपेचा दांडा नव्याने जुळवावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील फेरफारांवर निर्बंध आहेत, म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी. पाटा वाढवल्याने नोंदणीपत्रातील कमाल वजन वाढत नाही.