दाराजवळची पट्टी आणि खुंट्या

प्रश्न : आमच्या अरुंद प्रवेशभागात नक्षीची पट्टी व खुंट्या लावावयाच्या आहेत, पण गिलावा खिळा धरीत नाही. भिंतच निकामी समजावी काय?
— एक गृहिणी, दादर

उत्तर : भिंत निकामी नाही, याची आपण खात्री बाळगावी. भार गिलावा नव्हे, त्यामागील वीट पेलते. म्हणून विटेत खोल छिद्रे पाडून, त्यांत गिट्ट्या ठोकून, सागवानी पट्टी स्क्रूंनी आवळल्यास आणि खुंट्या भिंतीत न बसविता त्या पट्टीतच बसविल्यास, ओल्या छत्र्या-रेनकोटांचे ओझे ती निर्वेधपणे सोसते. जागा अरुंद, तेव्हा नक्षी उथळच शोभेल. टोकदार खुंटी मात्र मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर कदापि नको. विजेच्या बटणांच्या सरळ रेषेत वर-खाली छिद्र पाडण्यास सक्त मनाई समजावी, कारण तारा बहुधा तेथूनच गेलेल्या असतात. घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी परवानगी घ्यावी, आणि भिंतीस ओल असल्यास ती पुरती सुकेपर्यंत काम तहकूब ठेवावे.