चेतातंतूंतील आवेग : विंचूदंश व वत्सनाभ यांच्या संदर्भात

धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटाच्या खडकाळ माळावर विंचूदंश ही नित्याची बाब आहे. कडब्याची गंजी मोडताना, गोवऱ्या उचलताना, दगडी बांध रचताना दंश होतो व रुग्ण बहुधा प्रथम गावातील वैद्याकडेच येतो. त्यास आपल्याकडे ठेवावे की तत्काळ रुग्णालयात पाठवावे, हा निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो. सुश्रुतांनी कल्पस्थानात विंचवांचे मंद, मध्य व महाविष असे तीन वर्ग सांगितले आहेत. महाविषाच्या दंशात शरीरात नेमके काय घडते, हे समजण्यासाठी चेतातंतूंतील आवेगाचे स्वरूप पाहणे उपयुक्त ठरेल.

चेतातंतू म्हणजे विजेची तार नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. तारेतून वीज वाहते. तंतूत मात्र प्रत्येक ठिकाणी आवेग नव्याने निर्माण होतो. विश्रांत अवस्थेत तंतूच्या आवरणाबाहेर सोडियम अधिक व आत पोटॅशियम अधिक असते. आवरणातील पंप सतत ३ सोडियम अयन बाहेर टाकून २ पोटॅशियम अयन आत घेतो आणि हे अंतर टिकवितो. त्यामुळे आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट राहते. पुरेशी उत्तेजना मिळताच सोडियमची द्वारे उघडतात, सोडियम आत घुसते व क्षणभर आतील बाजू धन होते. जवळपास १ मिलिसेकंदात ही द्वारे आपोआप मिटतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि तंतू पूर्ववत होतो. तोवर शेजारील द्वारे उघडलेली असतात. अशा रीतीने आवेग पुढे सरकतो. हॉजकिन व हक्सले यांनी माकूळ जातीच्या समुद्री प्राण्याच्या जाड तंतूवर प्रयोग करून ही प्रक्रिया १९५२ मध्ये गणिताने मांडली व १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या परिभाषेत ‘चल’ हा वायूचा गुण येथे आठवल्यावाचून राहत नाही. परंतु तेवढ्यावर दोन शास्त्रांची समीकरणे जुळवू नयेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या सर्व व्यवहारात द्वार उघडण्याइतकेच त्याचे वेळेवर मिटणे महत्त्वाचे आहे. लाल विंचवाचे विष प्रामुख्याने तेथेच आघात करते. द्वार मिटण्यास विलंब होतो, एका आवेगाऐवजी आवेगांची मालिका सुटते व स्वायत्त चेतासंस्था प्रक्षुब्ध होते. प्रारंभी वांती, घाम व लाळ. नंतर हातपाय थंड पडणे, नाडी जलद होणे, रक्तदाब चढणे आणि अखेर फुप्फुसात पाणी साचणे, असा क्रम दिसतो. म्हणून वेदनेच्या तीव्रतेवरून विषाची तीव्रता ठरवू नये. वांती, दरदरून घाम व थंड हातपाय ही लक्षणे दिसताच, विशेषतः बालकांत, रुग्णास पाठविण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात अशा रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास केला व १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध उपयोगात आणले. आवेगांच्या भडिमाराने आकसलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. हे प्रमाण अत्यल्प झाले. पुढे ७० रुग्णांवरील त्यांच्या २०११ च्या अभ्यासात प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे आढळले. अ‍ॅट्रोपीन मात्र येथे टाळावे लागते, कारण ते हृदयावरील ताण वाढविते. धत्तुऱ्यात तेच द्रव्य असल्याने विंचूदंशात धत्तूरयुक्त कल्प पोटात देऊ नयेत. कीटकनाशकाच्या विषबाधेतही घाम व लाळ असते, पण तेथे बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि अ‍ॅट्रोपीन हेच प्रमुख औषध ठरते. फवारणीच्या दिवसांत हा भेद जरूर पाहावा.

आता औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. सोडियमचे हेच द्वार उघडे धरणारे दुसरे द्रव्य आपल्याच कपाटात आहे. ते म्हणजे वत्सनाभ. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, मृत्युंजय या नित्याच्या रसकल्पांत ते असते. त्यातील अ‍ॅकोनिटीन गटातील अल्कलॉइडे द्वाराच्या वेगळ्या भागास चिकटतात, तरी परिणाम तोच : द्वार मिटत नाही. प्रथम जीभ व ओठांना झिणझिण्या येतात, मग बधिरता, आणि मात्रा अधिक असल्यास हृदयाची गती अनियमित होते. गोमूत्रात तीन दिवस भिजविणे, रोज गोमूत्र बदलणे अथवा दुग्धात स्वेदन करणे हे शोधनविधी केवळ परंपरापालन नव्हेत. उष्णता व जल यांच्या योगाने ही अल्कलॉइडे विघटित होऊन पुष्कळ कमी विषारी बनतात. मागणी वाढली म्हणून तीन दिवसांचे काम एका दिवसात उरकणाऱ्या निर्मात्याने आपण नेमके काय शिल्लक ठेवतो, हे जाणावे. अन्नद्रव्यांप्रमाणे चव घेऊन वत्सनाभाची परीक्षा करण्याची सवयही सोडावी.

वत्सनाभ हे औषध नियमावलीच्या अनुसूची ई (१) मधील द्रव्य असल्याने, पोटात घ्यावयाच्या अशा कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. विक्रेत्याने ज्वराच्या रुग्णास त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या स्वतःहून मोजून देणे त्यामुळेच अयोग्य होय. कल्प घेणाऱ्याने जिभेस झिणझिण्या आल्याचे सांगितल्यास औषध तत्काळ थांबवावे, रुग्णास हृदयालेखाची सोय असलेल्या ठिकाणी न्यावे आणि त्या घाणीचा उर्वरित साठा विक्रीतून काढून ठेवावा.