कपॅसिटर बँक: बसवली म्हणजे झालं, असं नाही!

व्हिडिओत पॅनल उघडून पाहिलं, तेच इथे थोडक्यात लिहून देतो. गरज पडली की लगेच सापडेल.

अकोल्याची दाल मिल घ्या की अमरावतीचं जिनिंग, सगळा खेळ मोटारींचा. एप्रिल 2020 पासून 20 किलोवॅटच्या वरच्या उद्योगांना महावितरणचं बिल केव्हीएएच युनिटवर येतं. पॉवर फॅक्टर 0.80 असेल तर काम 80 युनिटचं आणि पैसे 100 युनिटचे! हा फरक कपॅसिटर भरून काढतो. पण तो आतून गेला तरी मोटार फिरतच राहते. कळतं ते बिल आल्यावर.

जोडणी: आपल्या 440 व्होल्टच्या युनिटमध्ये आतली जोडणी डेल्टा असते. तेच कपॅसिटर स्टारमध्ये जोडले तर केव्हीएआर तिसरा हिस्साच मिळतो. 11 केव्हीच्या मोठ्या बँकेत दोन स्टार करून न्यूट्रलमधला करंट बघतात. एक भाग गेला की तोल बिघडतो आणि रिले बँक बंद करतो. लहान पॅनलमध्ये सहसा असा रिले नसतो. तिथे राखण आपल्यालाच करायची आहे.

तपासणी: वायरमनला महिन्यातून एकदा टाँग टेस्टर लावायला सांगा. 25 केव्हीएआरच्या युनिटला 440 व्होल्टवर असं दिसेल:

- तिन्ही फेजवर साधारण 33 अँपिअर: सगळं ठीक.
- एकावर शून्य, दोघांवर 28 च्या आसपास: फ्यूज उडाला.
- एकावर 33, दोघांवर 19: आतला एक कपॅसिटर गेला.
- तिन्हीवर सारखाच, पण कमी: व्होल्टेज बघा. तेही बरोबर असेल तर युनिट थकलं.

खरेदी करताना: प्रत्येक स्टेपला वेगळा एचआरसी फ्यूज आणि कपॅसिटर ड्यूटीचाच कॉन्टॅक्टर घ्या. साधा कॉन्टॅक्टर स्वस्त पडतो, पण चालू करतानाच्या झटक्याने त्याचे पॉइंट चिकटतात. फ्यूज उडाला तर तिथे तार बांधू नका. फुगलेलं युनिट तर लगेच काढाच.

आणि एक गोष्ट विसरू नका. स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. निदान पाच मिनिटं थांबा, मीटरने व्होल्टेज तपासा, मगच वायरमनला हात लावू द्या. बिल पुढच्या महिन्यात सुधारता येतं, माणूस गेला तर परत येत नाही.

आज एवढंच करा: टाँग टेस्टरचे तीन आकडे वहीत लिहा, तारखेसकट.