कपाळावरची पट्टी

मिरज

चि. मुक्ता,


तुमच्या आयसीयूत झोपेची खोली आकड्यात दाखवणारा बिसचा मॉनिटर आला आणि व्हेंटिलेटरवरच्या सगळ्यांच्याच कपाळाला तू पट्ट्या लावत सुटलीस, असं दादा सांगत होता. हौस चांगली. पण परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, 40 ते 60 ठेवलं की झालं!" तेव्हापासून चैन नाही, म्हणून हे पत्र.

अगं, 40 ते 60 हे ऑपरेशन टेबलावरचं गणित. तुझ्या बहुतेक पेशंटना इतकं गाढ झोपवायचंच नसतं. हाक मारली की डोळे उघडावेत, हात दाब म्हटलं की दाबावा, एवढी गुंगी पुरते. शिकागोच्या डॉक्टरांनी रोज एकदा सेडेशन बंद करून पेशंट जागे करून पाहिले. एरवी व्हेंटिलेटरवर साधारण 7.3 दिवस जात, ते 4.9 वर आले. सन 2000 ची गोष्ट. त्यासाठी पट्टी लागली नव्हती, पंप थांबवला एवढंच. म्हणून ओ देऊ शकणाऱ्याला हाक मार आणि गुंगीचा रॅस स्कोअर लिही.

पट्टी खरी कामाची स्नायू ढिले करणारं रिलॅक्संट चालू असलेल्यांना. पालथा घातलेला, अट्राक्युरियमवरचा माणूस टक्क जागा असला तरी पापणी हलवू शकत नाही. रॅस उणे 5 च दिसणार.

मी शिकत होते तेव्हा आमच्याकडे धनुर्वाताचा एक पोरगा होता. शेतात पायात खिळा गेलेला. पॅन्क्युरोनियम देऊन व्हेंटिलेटरवर ठेवला होता. एका रात्री नाडी 140, बीपी वर. धनुर्वातात असं होतंच, म्हणून आम्ही निवांत. पहाटे तोंड पुसायला गेले तर डोळ्यातून पाणी ओघळून कानापर्यंत गेलेलं. चादर उचलली. डायझेपामची शीर कधीच फुटली होती, हात सुजून टम्म. रिलॅक्संट मात्र दुसऱ्या हातातून वेळेवर जात होतं. पुढे ट्यूब निघाल्यावर त्या रात्री आम्ही त्याच्या उशाशी कुठल्या सिनेमाबद्दल बोलत होतो, ते त्याने मला सांगितलं.

तेव्हा पट्टी असती तर? कदाचित कळलं असतं. छातीठोक सांगत नाही. 2015 साली ऑस्ट्रेलियात 10 स्वयंसेवकांना भूल न देता नुसतं रिलॅक्संट दिलं, तर पूर्ण जागेपणीही आकडा 60 च्या खाली घसरला. यंत्र कपाळाच्या स्नायूंची हालचालही जागेपणातच धरतं. ती थांबली की आकडा पडतो. उलट, रिलॅक्संट नसलेला माणूस कपाळाला आठ्या घालत असेल तर आकडा उगाच चढतो. केटामाइननेही चढतो, आणि मग कुणीतरी घाईने मिडाझोलाम वाढवतं.

म्हणून आकड्याआधी पडद्यावरचा ईएमजीचा, म्हणजे स्नायूंच्या हालचालीचा बार आणि खाली धावणारी मेंदूची लाट बघायची सवय लाव. लाट मधूनमधून सपाट व्हायला लागली, सप्रेशन रेशो वर सरकला, की औषध जास्त होतंय असं समज. दुसरं कारण नसेल तर कमी कर. माझ्या मते त्या मॉनिटरवरची सर्वात कामाची गोष्ट हीच, आणि नेमकं तिच्याकडेच कुणी बघत नाही.

रात्रीच्या राउंडला पालथ्या पेशंटची चादर उचलून शीर बघ, सिरिंजमध्ये औषध किती उरलंय ते बघ. आणि त्याच्या उशाशी सिनेमाच्या गप्पा नकोत.

तुझी,
आत्या