बादलीभर ऊन पाणी

टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीट काढून आम्ही तिचं फिरतं घर केलं, तेव्हा लोकांनी झोपायची, स्वयंपाकाची सोय विचारली. अंघोळीचं फारसं कुणी विचारलं नाही. पण आमचा दिवस कसा जाणार हे अंघोळीवरच ठरतं, कारण आई सोबत असते आणि तिचे गुडघे सकाळी ऊन पाण्याशिवाय मोकळे होत नाहीत. कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरला आम्ही गेलो तेही तिच्याच ओढीने. दक्षिणेतल्या भजन संप्रदायाची घडी बसवणाऱ्या सद्गुरुस्वामींचं हे गाव. तमिळ माणसं तिथे तुकोबांचे अभंग गातात, ते तिला ऐकायचं होतं. मार्गळी महिना होता, म्हणजे डिसेंबर-जानेवारीची पहाट, आणि भजनाला जायचं तर न्हाऊनच. या अंघोळींनी शिकवलेल्या सात गोष्टी इथे मांडते.

१. ऊन पाणी आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी कमी लागतं. घरच्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर सहज जातं, आणि आमच्या गाडीतल्या टाकीत पिण्या-भांड्यांसकट सगळं मिळून सत्तर लिटर मावतं. इथे बादली आणि तांब्याच खरे. हिशोब अगदी साधा आहे: एक लिटर उकळतं पाणी पंचवीस अंशांच्या चार लिटरमध्ये ओतलं की पाच लिटर पाणी चाळीस अंशांवर येतं. म्हणजे तीन लिटरचं पातेलं उकळलं की एका माणसाची पंधरा लिटरची बादली तयार. एवढ्या पाण्याला पाव युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. ऐकायला ती थोडी वाटते, पण शंभर अँपिअर-तासाच्या बारा व्होल्ट बॅटरीत सगळं मिळून सव्वा युनिटही नसतं. तिघांच्या अंघोळीत तिचा निम्म्याहून जास्त जीव जातो, मग पंखा आणि फ्रीज कशावर चालवायचे? इन्व्हर्टरवर दीड हजार वॅटचा रॉड लावला तर तो बॅटरीतून सव्वाशे अँपिअर ओढतो. त्यामुळे आमच्याकडे शेगडीच. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरमधला चाळीसेक ग्रॅम गॅस एका बादलीला पुरतो.

२. गाडीत गॅसचा गिझर नको, हे मी कुणालाही हात जोडून सांगेन. बंद जागेत ज्योत जळत राहिली की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणसाची अंघोळ करता करताच शुद्ध हरपते. आपल्या शहरांतल्या चांगल्या बांधलेल्या न्हाणीघरांत असे जीव गेले आहेत; गाडीचा पत्र्याचा डबा तर त्याहून लहान. शेगडीवर पाणी उकळतानाही आम्ही मागचं दार उघडं ठेवतो, मग बाहेर पाऊस असो की डास.

३. जमिनीखालचं पाणी पहाटे ऊन असतं, हे अंगावर पडल्याशिवाय पटत नाही. मरुदानल्लूरच्या परिसरात भाताच्या खाचरांकडेला पंपसेट आहेत. जाड पाइपातून पाणी सिमेंटच्या हौदात कोसळतं आणि तमिळनाडूत शेतावरची ही अंघोळ हौसेची गोष्ट मानतात. पहाटे हवा वीस-बावीस अंशांवर असते, पण काही मीटर खोलीवर ऋतूंचा चढउतार पोचतच नाही. तिथलं पाणी त्या मुलखाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाला धरून असतं, इथे अठ्ठावीसच्या आसपास. म्हणून मार्गळीत ते कोमट लागतं आणि मे महिन्याच्या दुपारी तेच गार. ह्यांनी आणि मी शेतमालकाला विचारून तिथेच अंघोळी केल्या. आईसाठी तेच पाणी बादलीने आणलं. अठ्ठावीस अंशांचं पाणी असलं की एका लिटर उकळत्याला पाच लिटर पुरतं, एवढा गॅस वाचतो.

४. म्हाताऱ्या माणसाला तापमानाच्याही आधी आधार हवा असतो. पंपसेटवर बायका परकर छातीशी बांधून न्हातात, मलाही ते जमलं. पण शेवाळलेल्या हौदाच्या काठावर आईला उभं करण्याची माझी छाती नव्हती. गाडीच्या मागच्या दाराला जाड ताडपत्री बांधून आडोसा केला. खाली रबरी मॅट, तिच्यावर रुंद पायांचं स्टूल, आणि हाताशी पकडायला दारालाच पक्की बसवलेली कडी. गरम पाण्याच्या यंत्रांवर लोक हजारो रुपये घालतात. आईला निर्धास्त केलं ते त्या स्टुलाने आणि कडीने. पडण्याची भीती गेली आणि ती अंघोळीत पुन्हा गुणगुणायला लागली.

५. सगळ्यात सुखाची अंघोळ आपली आपण जमवता येत नाही, ती कुणीतरी घालावी लागते. आम्ही गाडी लावली होती तिथल्या घरच्या मामींनी आईला लंगडताना पाहिलं. तो गुरुवार होता. उद्या शुक्रवार, बायकांच्या तेल-न्हाणाचा दिवस, हिला माझ्याकडे पाठवा, एवढंच त्यांनी खुणांनी आणि मोडक्या हिंदीत सांगितलं. सकाळी परसात तांब्याचं मोठं भांडं चुलीवर चढलेलं, खाली नारळाची सोडणं आणि वाळक्या झावळ्या. त्यांनी तिळाचं तेल कोमट करून आईच्या टाळूवर, खांद्यांवर, गुडघ्यांवर जिरवलं. बराच वेळ तसंच बसवून मग शिकेकाई लावून कढत पाण्याने न्हाऊ घातलं. आमच्याकडे अभ्यंग वर्षातून एकदा, नरक चतुर्दशीला. तिथे तो आठवड्याचा नेम आहे. आईला तिच्या आईनंतर कुणी असं न्हाऊ घातलं नव्हतं. ती रडली, आणि मामींनी तिचे डोळे पदराने पुसले, जणू शिकेकाईच गेली असावी. पैशांचा विषय मी काढू शकले नाही.

या मुलखात प्रवाशाला परका न मानण्याची जुनी रीत आहे, आणि तिच्यात मराठी माणसांचाही वाटा आहे याचा मला मनापासून अभिमान वाटतो. सद्गुरुस्वामींच्याच काळात तंजावरला सरफोजीराजे होते. रामेश्वरच्या वाटेवरच्या तंजावरकर भोसल्यांच्या छत्रांत वाटसरूला जात न विचारता अन्न मिळे आणि आजारी पडलेल्याला वैद्य. ही छत्रं मोडू नयेत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून त्यांचं काम सविस्तर मांडलं. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र त्यांच्याच कारकिर्दीतलं. आज फिरत्या घरांसाठी पाणी, न्हाणी आणि सांडपाण्याची सोय असलेल्या जागा आपल्या रस्त्यांवर फार थोड्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वी पायी जाणाऱ्याचा एवढा विचार करणाऱ्या राज्याचे आपण वारस. मला वाटतं, हे काम आपण पुन्हा हाती घ्यायला हवं.

६. आपल्याच कोकणात निसर्गाने पाणी तापवून ठेवलेलं आहे. मुंबई-गोवा रस्त्याला लागून आरवली, तुरळ, राजवाडी, दापोलीकडे उन्हवरे, मुंबईजवळ वज्रेश्वरी-गणेशपुरी. गाडी थांबवावी, गंधकाच्या वासाच्या त्या पाण्यात पाय सोडावेत. मात्र आईसारख्यांना फार वेळ बसवू नये, चक्कर येते. कुंडात साबण तर कुणीच नेऊ नये.

७. पाणी अंगावरून गेलं म्हणजे त्याची जबाबदारी संपत नाही. मरुदानल्लूरकडच्या कावेरी खोऱ्यात कालवा कधी शेजारून वाहतो ते कळतही नाही. कावेरीवरचं मेट्टूर धरण रिवाजाने १२ जूनला उघडतं आणि २८ जानेवारीला बंद होतं, म्हणजे मार्गळीत हे पाट भरलेले असतात. कुणी त्यात भांडी घासतं, कुणाची गुरं ते पितात, पुढे तेच पाणी सांबा हंगामाच्या भाताला जातं. म्हणून आता शांपूची बाटली आम्ही गाडीत ठेवतच नाही, बेसन किंवा शिकेकाई असते. आडोशाच्या मॅटखाली पसरट घमेलं ठेवतो. साठलेलं पाणी कुठे ओतू, असं मामींना पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्यांनी परसातल्या केळींकडे बोट दाखवलं. त्यांच्या न्हाणीची मोरीही तिकडेच जात होती.